वज्रेश्वरीची जत्रा आणि आईंचा गॉगल

चैत्र वद्य चतुर्दशी जवळ आली, की भिवंडीतल्या आमच्या कामतघरच्या घरात वज्रेश्वरीच्या जत्रेचा विषय निघतो. यंदा तो नेहमीपेक्षा लवकर निघाला आणि काहीशा तंट्याच्या सुरात निघाला. सासूबाईंचे वय ७८. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन जत्रेच्या दिवशी सहा आठवडे पुरे होणार होते. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. "देवीला बोलले होते, डोळा उघडला की पहिलं दर्शन तुझं," एवढेच त्या म्हणाल्या. यजमानांनी ऊन, धूळ, गर्दी आणि पायऱ्या अशी चार कारणे त्यांच्यापुढे ठेवली. आईंनी शांतपणे विचारले, "पाचवं काही आहे का?"

शेवटी निवाडा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी डोळा तपासला, जखम भरल्याचे सांगितले आणि जाण्यास परवानगी दिली. मात्र डोळ्यात धूळ जाता कामा नये, कुंडाचे पाणी जाता कामा नये आणि डोळ्याला धक्का लागता कामा नये. प्रत्येक रुग्णाचा डोळा एकाच गतीने भरत नाही. कोणाला चार आठवड्यांत मोकळीक मिळते, तर मधुमेह असलेल्या किंवा अन्य गुंतागुंत झालेल्या रुग्णाला अधिक थांबावे लागते. म्हणून आमच्या सहा आठवड्यांचा हिशेब कोणी आपल्या घरी लावू नये. आपल्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनाच विचारावे.

भिवंडीकराला धुळीचे नवल सांगायचे कारण नाही. यंत्रमागाच्या खटखटाटात वाढलेल्या या गावात सुताचे बारीक तंतू खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर आणि माणसांच्या पापण्यांवर सारख्याच निष्ठेने बसतात. त्यात आता मानकोली, काल्हेर, राहनाळ या बाजूंची गोदामे आणि त्यांच्याकडे रात्रंदिवस धावणारे ट्रक, मेट्रोचे खांब, तालुक्यातल्या वीटभट्ट्या आणि खडीच्या खाणी यांची भर पडली आहे. ही सगळी धूळ एकाच जातीची नसते. सुताचा तंतू डोळ्यात गेला तर टोचतो, पाणी आणतो आणि बहुधा अश्रूंबरोबर वाहून जातो. दगडाचा कण कंगोऱ्यांचा असतो. डोळा चोळला तर तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा काढतो आणि क्वचित तिथेच रुतून बसतो. गॉगल विकत घेण्यापूर्वी हा फरक माझ्या ध्यानात आला असता, तर पहिले पैसे वाया गेले नसते.

पहिला गॉगल मी बाजारातल्या हातगाडीवरून घेतला. काळाकुट्ट, मोठा, दिसायला भारदस्त. जितका काळा तितका डोळ्याला चांगला, ही समजूत माझ्याही डोक्यात होती. चष्म्याच्या दुकानदाराने तो आपल्या छोट्या यंत्राखाली धरला आणि मान हलवली. अतिनील किरण त्यातून बऱ्याच प्रमाणात आत जात होते. नुसत्या काळ्या काचेचा तोटा असा, की अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि संरक्षण नसेल तर ते किरण अधिकच आत शिरतात. काचेचा रंग आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारदर्शक काचेलाही पूर्ण संरक्षण असू शकते. काचेवर किंवा वेष्टनावर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले पाहावे आणि शक्य असल्यास दुकानात तपासून घ्यावे, कारण नुसते लेबल चिकटवायला फारसा खर्च येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून मिळालेला काळा चष्मा घरात होताच. घरच्या अंगणासाठी तो पुरेसा आहे. पण तो मी स्वतः लावून, खाली मान घालून पाहिले, तेव्हा गालाजवळ चांगले बोटभर अंतर उघडे राहत होते. जत्रेतली धूळ समोरून येत नाही. शेकडो पायांखालून वर उठते.

उपाय मिळाला तो चष्म्याच्या दुकानात नव्हे, तर हातमोजे, हेल्मेट आणि गमबूट विकणाऱ्या दुकानात. कारखान्यातले कामगार वापरतात तसा, चारी बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा, मागे रबरी पट्टा असलेला पारदर्शक गॉगल तिथे शे-दीडशे रुपयांत मिळाला. अशा गॉगलला वाफ बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात, आणि खरी मेख तिथेच आहे. काहींची छिद्रे सरळ आरपार असतात. असा गॉगल उडून येणाऱ्या तुकड्यांना अडवतो. बारीक धूळ मात्र त्या छिद्रांतून सुखाने आत येते. धुळीसाठी छिद्रांवर टोपणासारखा आडोसा असलेला, म्हणजे हवा वळसा घालून आत येईल असा गॉगल लागतो. संरक्षक चष्म्यांसाठी आपल्याकडे आय.एस. ५९८३ हे भारतीय मानक आहे. युरोपीय मानकाचा, म्हणजे ई.एन. १६६चा गॉगल असेल, तर त्याच्या चौकटीवरचा ४ हा आकडा जाड्या धुळीसाठी आणि ५ हा अगदी बारीक धुळीसाठी असतो. काच पॉलिकार्बोनेटची असावी. धक्का लागला तरी ती फुटून डोळ्यात जात नाही.

अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात, एका आटलेल्या सरोवराच्या तळावर, 'बर्निंग मॅन' नावाचा मोठा मेळा भरतो. तिथली क्षारयुक्त धूळ इतकी बारीक असते, की असे बंद गॉगल हा तिथल्या पोशाखाचाच भाग झाला आहे. आपल्याकडे जैसलमेरच्या मरुमहोत्सवाला, पुष्करच्या मेळ्याला किंवा कच्छच्या रणात जाणारी ज्येष्ठ मंडळी शाल, औषधे, खाऊ सगळे घेतात. डोळ्यांचा विचार मात्र टोपीपाशी थांबतो. जेजुरीला सोमवतीच्या दिवशी भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो, तेव्हा तरी कितीजण डोळे झाकतात?

दोन अडचणी उरल्या होत्या. पहिली आईंच्या चष्म्याची. बंद गॉगल चष्म्यावरून बसेल इतका खोल हवा; उथळ असेल तर चष्म्याची दांडी त्याला उचलते आणि कानशिलाजवळ फट पडते. म्हणून गॉगल घेताना रुग्णाला त्याच्या चष्म्यासह दुकानात न्यावे. त्यातही आईंचा चष्मा दुहेरी काचेचा. पायरी उतरताना नजर खालच्या, वाचण्याच्या भागातून जाते आणि पायरी धूसर दिसते. वज्रेश्वरीला तर पायऱ्याच पायऱ्या! तेव्हा त्या दिवसापुरता नुसत्या दूरच्या नंबरचा चष्मा काढला.

दुसरी अडचण श्रवणयंत्राची. गॉगलचा रबरी पट्टा कानामागच्या यंत्रावर दाबला गेला, की ते शिट्टी वाजवू लागे. पट्टा कानाच्या वरून, डोक्याच्या फुगवट्यावर घेतला आणि थोडा सैल केला, तेव्हा दोन्ही यंत्रे एकत्र नांदू लागली. हे सगळे आम्ही जत्रेच्या चार दिवस आधी घरात करून पाहिले. आई रोज अर्धा तास गॉगल लावून भाजी निवडत बसत. शेजारच्या मुलाने "आजी, मोटारसायकल कुठाय?" असे विचारले, तेही त्यांनी झेलले.

जत्रेच्या दिवशी सकाळी सहाला निघालो. नदीनाक्यावरून वाड्याच्या रस्त्याने शेलार, कवाड, अनगाव मागे टाकत अंबाडीला पोहोचायचे आणि तिथून डावीकडे वज्रेश्वरीला वळायचे. गाडीच्या काचा बंद ठेवल्या, पण वातानुकूलनाचा झोत आईंच्या चेहऱ्यावर येऊ दिला नाही. वयोमानाने अश्रू कमी होतात. कोरड्या डोळ्यावर सतत हवा लागली, की तो खुपू लागतो आणि मग हात नकळत डोळ्याकडे जातो. अंबाडीला थांबून मी डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घातले. थेंबांची कुपी हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवली होती. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवण्याची सवय मला या आजारपणाने लावली. अशा बहुतेक कुप्या उघडल्यावर महिनाभरातच टाकून द्यायच्या असतात.

तानसेच्या काठचे हे स्थान इतिहासालाही धरून आहे. पोर्तुगीजांकडून वसई घेण्याच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९मध्ये वसई हाती आल्यावर हे मंदिर बांधले गेले, असे सांगतात. टेकडीवर चढणाऱ्या दगडी पायऱ्या, वरचा नगारखाना आणि किल्ल्यासारखा तट पाहिला, की त्या मोहिमेची आठवण आपोआप होते. जत्रा चतुर्दशीला सुरू होते, अमावास्येला देवीची पूजा आणि दीप उजळणे होते, आणि दुसऱ्या दिवशी, वैशाखाच्या प्रतिपदेला, पालखी निघते. पालखीच्या गर्दीत जायचे नाही, हे आमचे आधीच ठरले होते. ही अट आईंनी मान्य केली, पण आनंदाने नव्हे.

पायथ्याशी दुकानांच्या रांगांमधून धूळ गुडघाभर उठत होती. कोणीतरी गुलाल उधळला. आईंनी गॉगल आधीच चढवला होता. नाकातोंडावरचा मुखपट्टा नाकावर घट्ट दाबून त्यावर गॉगल टेकवला होता. तसे न केल्यास श्वासाची वाफ वर जाऊन काच धूसर होते. तरीही पायऱ्यांच्या मध्यावर घामाने ती धूसर झालीच. हा या गॉगलचा खरा दोष आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. धूसर काचेने पायरी चढण्यापेक्षा थांबणे बरे. आम्ही कठड्याला टेकलो, गर्दीकडे पाठ केली, मी पदराचा आडोसा धरला आणि गॉगल क्षणभर वर उचलून वाफ जाऊ दिली. काच पुसली नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, तर तेच कण काचेवर चरे पाडतात. आधी पाण्याने धुवावी, मग मऊ फडक्याने टिपावी.

सभामंडपात अंधार होता. तिथे आईंनी गॉगल काढला आणि उघड्या डोळ्यांनी देवी पाहिली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रंग किती स्वच्छ दिसतात गं. मला वाटत होतं, देवीचं वस्त्रच जुनं झालंय."

उतरताना त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा यजमानांच्या हातात होता. शेवटच्या पायऱ्यांवर वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी गेले. मी स्वतःसाठी काहीच घेतले नव्हते, साधा शून्य नंबरचा चष्मादेखील नाही. चार आठवडे एकाच माणसाचे डोळे सांभाळताना आपल्यालाही दोन आहेत, हे मी विसरले होते. हात डोळ्याकडे गेला आणि आईंनी तो मनगटाला धरून खाली ओढला. "चोळू नकोस. मला रोज सांगतेस ना?"

बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने डोळा धुतला, पापण्या बऱ्याचदा मिटल्या-उघडल्या. एका भल्या बाईने रुमालाचे टोक पुढे केले, दुसरीने गुलाबपाणी. दोघींना नमस्कार केला आणि काही घातले नाही. अकलोलीच्या गरम कुंडांकडे जायचे ठरले होते. आई नुसते पाय बुडवणार होत्या. ते रद्द करून आम्ही परतलो, कारण तासाभरानेही पापणी मिटली की टोचत होते आणि उजेड सहन होत नव्हता. ही दोन लक्षणे, किंवा नजर धूसर होणे, यांपैकी एकही राहिले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. भिवंडीत डॉक्टरांनी डोळा बधिर करून खडीचा बारीक कण काढला, चार दिवसांचे थेंब लिहून दिले आणि किंचित हसून विचारले, "पेशंट कशा आहेत?"

पेशंट बाहेरच्या बाकावर गॉगल कपाळावर चढवून बसल्या होत्या. रस्त्यापलीकडे खोदकाम चालू होते. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच दिवशी घेतली, ज्येष्ठातली. घरी येताना त्या हातमोज्यांच्या दुकानापाशी यजमानांनी गाडी उभी केली आणि तसेच आणखी दोन गॉगल घेतले. आपला गॉगल दुसऱ्याला द्यायचा नसतो, डोळे आलेले असले तर साथ तशीच पसरते, हे कारण त्यांनी दुकानदाराला सांगितले. आईंनी मात्र दोन्ही गॉगलांची छिद्रे खिडकीपाशी नेऊन, उजव्या डोळ्याजवळ धरून नीट तपासली, आणि एक परत बदलून आणायला लावला.