न विरणारं पातळ

आमच्या घरात नायलॉन आलं ते आईच्या एका पातळाच्या रूपाने. जांभळ्या रंगावर पांढरी फुलं. तोवर घरात सगळं सुती होतं: आजीची लुगडी, आईची पाचवारी, वडिलांचे सदरे. सुती म्हटलं की नीळ, खळ आणि कोळशाची इस्त्री आलीच. नायलॉनला यातलं काही लागत नसे. रात्री पाण्यातून काढून वाळत टाकलं की सकाळी नेसायला तयार. घरकाम उरकून शाळेत शिकवायला धावणाऱ्या आईला त्या पातळाने किती वेळ मोकळा करून दिला असेल! त्यामुळे कृत्रिम धाग्यांना कुणी सरसकट नावं ठेवली की मला आधी आईचे हात आठवतात.

पातळ विटलं, पण विरलं नाही. गोधडीसाठी आजीने ते नाकारलं. तिला अंगाला लागणारं मऊ, जुनेर सुतीच हवं असे. मग ते कुरडयांच्या वाळवणाखाली गेलं, पुढे मोरीचा पडदा झालं आणि शेवटी पट्ट्या फाडून, पीळ घालून गच्चीवरची दोरी. काही उन्हाळे खाल्ल्यावर दोरी बोटांत पिठासारखी भुरभुरू लागली. उन्हाने नायलॉनचे लांबलचक रेणू तुटतात, हे पुष्कळ पुढे वाचलं. ती भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर पन्हाळीतून कुठे गेली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

अशा बारीक कणांना ‘मायक्रोप्लास्टिक’ हे नाव रूढ झालं ते इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४च्या निबंधानंतर. त्याच विद्यापीठाने २०१६मध्ये धुलाईयंत्रातून बाहेर पडणारं पाणी गाळून हिशेब मांडला. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात पॉलिएस्टरचे सुमारे पाच लाख तंतू सुटू शकतात, अ‍ॅक्रिलिकचे सात लाखांहून जास्त. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात त्यातले बहुतेक अडकतात, पण मग गाळात उतरतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात पडतो. आपल्या गावाशहरांचं तर पुष्कळसं सांडपाणी थेट नदीतच जातं.

गंमत म्हणजे या हिशेबात आईचं पातळ फारसं दोषी ठरत नाही. ते अखंड लांब तंतूंचं, घट्ट विणीचं होतं. अशा कापडातून कमी तंतू सुटतात. आखूड तंतू कातून केलेली, लव उठवलेली कापडं जास्त गळतात. म्हणजे तिनेच विणलेला माझा कॅशमिलॉनचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिक लोकरीचा, स्वेटर आणि आता कपाटात असलेलं ऊबदार फ्लीसचं जाकीट. शिवाय नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वाधिक तंतू सोडतो. दर सणाला स्वस्तातला नवा पॉलिएस्टर कुर्ता घ्यायचा आणि वर्षात टाकून द्यायचा, हा आपला आजचा रिवाज म्हणूनच महागात पडतो. आईने एकच पातळ पडदा होईपर्यंत वापरलं, ते काटकसर म्हणून. नदीच्याही ते पथ्यावर पडलं.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. मळला नसेल तर कपडा खुंटीवर टांगावा. यंत्र पूर्ण भरून, गार पाण्यात, थोडा वेळच चालवावं. नाजूक कपड्यांसाठीचा भरपूर पाण्याचा प्रकार उलट जास्त तंतू सोडवतो. यंत्राच्या नळीला बारीक गाळणी बसवता येते; मात्र तिच्यात साठलेली लव सुक्या कचऱ्यात टाकावी. ती बेसिनमध्ये धुतली, तर सगळी मेहनत अक्षरशः पाण्यात.

तरी हा भार एकट्या धुणाऱ्यावर, म्हणजे बहुतेक घरांत पुन्हा बाईवरच, टाकणं मला पटत नाही. फ्रान्सने २०२०च्या कायद्यात नव्या यंत्रांना २०२५पासून गाळणी असावी, अशी तरतूद केली. गाळणी यंत्रातच हवी आणि कमी गळणारं कापड गिरणीतच विणलं जायला हवं. नायलॉनने बायकांचे कष्ट कमी केले; त्याची किंमत वसूल करताना तेच कष्ट त्यांच्या माथी परत मारायचे नसतात.