मेलुहा आणि डोंगर उतरणारी माणसं

फँटसीत ड्रॅगन असोत नाहीतर जादूच्या तलवारी, माझं काही म्हणणं नाही. पण तलवार धरणारा माणूस आवडला नाही, तर पन्नास पानांत माझं पुस्तक मिटतं. अमीश त्रिपाठीचं ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ मिटलं नाही, ते त्यातल्या शिवामुळे. शिवत्रयीतलं हे पहिलं पुस्तक २०१० सालचं. पुढचे दोन भाग २०११ आणि २०१३ चे. लेखक मुंबईत जन्मलेला, आयआयएमवाला, तेव्हा फायनान्समध्ये नोकरी करता करता लिहिणारा. आपल्यासारख्या क्युबिकलवाल्यांना तेवढाच धीर!

यातला शिव देव नाही. तिबेटातल्या गुण टोळीचा म्होरक्या, रोजच्या मारामाऱ्यांना कंटाळलेला. मेलुहातून बोलावणं येतं की या, इथे चांगलं जगा. हा माणसं घेऊन डोंगर उतरतो. तिथे सोमरस पितो, गळा निळा होतो आणि अख्खा देश पाया पडायला लागतो. त्याचा स्वतःचा मात्र विश्वास नाही. लहानपणी एका बाईच्या मदतीला धावलो नाही, ही बोच त्याला झोपू देत नाही. सती ‘विकर्मा’, म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाचा शिक्का बसलेली, तिला शिवायचं नाही. शिव तो कायदाच रद्द करायला लावतो. लढाया थोड्या लांबतात, पण इथे मी शिट्टी मारली असती.

हे सगळं वाचलं सूर्यमाळला. कसाऱ्याहून विहीगाव, खोडाळा करत वर गेलं की मोखाडा तालुक्यातला हा डोंगरमाथा लागतो. मोबाईलला रेंज जेमतेम, त्यामुळे वाचन जोरात. चहाच्या टपरीवरचा मुलगा म्हणाला, दिवाळी झाली की आम्ही भिवंडीला, वीटभट्टीवर. इथली बरीच वारली, कातकरी कुटुंबं भात-नागली आटोपली की अशीच पोराबाळांसकट खाली जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

“राहायला देतात का काही?” मी विचारलं.

“देतात कुठलं भाऊ? कच्च्या विटा रचायच्या, वर पेंढा टाकायचा. निघताना मोडायचं.”

परत पुस्तक उघडलं आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. शिवाबरोबर जे गुण डोंगर उतरले, ते कुठे गेले? भद्राचा वीरभद्र होतो, तो शेवटपर्यंत सोबत असतो. बाकीचे हळूहळू गोष्टीतून गळून जातात. निळा गळा एकाचाच होतो ना. ज्याचा होत नाही, त्याला नवा देश कसा वागवतो, हे मला नीलकंठाच्या भविष्यवाणीपेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. आपल्या सोसायट्यांच्या विटा कुणी भाजल्या, हे तरी आपण कधी विचारतो?

तरीही पुस्तक आवडलं, अगदी मनापासून. आपण ज्यांच्या बाजूने लढलो ते खरंच चांगले आणि समोरचे खरंच वाईट होते का, ही शंका जिंकल्यावर येणारा नायक रोज भेटत नाही. त्यात पहिला भाग संपतो ऐन हल्ल्याच्या क्षणी. म्हणजे दुसरा मागवण्यावाचून गत्यंतर नाही! मागवलाय. सतीचं काय होतं ते बघायचंच आहे. आणि हो, ते बाकीचे गुण कुठे दिसतात का, तेही.