उत्तनची वजडी आणि रोमचा शनिवार

शुक्रवार, उत्तन

भाईंदर पश्चिमेला उतरलो तर समोर फाफडा-जिलेबीचं राज्य. 2015 साली पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय इथल्याच महापालिकेने घेतला आणि केवढा गदारोळ झाला होता! बस मात्र मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरीला पोचते आणि हवाच बदलते. उत्तनला उतरलं की वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास पुढे होऊन स्वागत करतो. मुक्काम मित्राच्या मावशीकडे, कोळीवाड्यात.

शनिवार, चौक

सकाळी उत्तनजवळच्या चौक गावातल्या धारावी किल्ल्यावर. खाडीपलीकडे वसई. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने आधी धारावी घेतली, मग वसई. पोर्तुगीज गेले, चर्च, पाव आणि व्हिनेगर राहिलं.

रात्री जेवताना मी रोमचा विषय काढला. तिथे शनिवार हा त्रिप्पाचा, म्हणजे वजडीचा वार. गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी, अशी जुनी घडी. तिथल्या टेस्टाच्चो भागात 1975 पर्यंत मोठा कत्तलखाना होता. चांगलं मांस श्रीमंतांकडे जायचं. उरलेलं पोट, शेपूट, आतडी कामगारांच्या वाट्याला. त्याला रोमकर ‘पाचवा हिस्सा’ म्हणतात. गाय-बैलाचं पोट तासन् तास उकडायचं, पट्ट्या कापायच्या, टोमॅटोच्या रश्शात शिजवायच्या, वर रानपुदिना आणि मेंढीच्या दुधाचं खारं चीज.

‘‘चीज?’’ मावशींनी एवढंच विचारलं. ‘‘उद्या बघ.’’

रविवार, उत्तन

उजाडताच मटणाच्या दुकानात. वजडी बकऱ्याची. मावशींनी ती उलटून दाखवली: आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी, काळपट. चुना चोळला, कढत पाण्यात बुचकळून लगेच बाहेर काढली आणि सुरीच्या पाठीने खरवडायला बसल्या. ‘‘पाण्यात जास्त राहिली ना, की साल चिकटून बसते. मग दिवसभर खरवड.’’ काळं निघालं, खाली पांढरीस्वच्छ वजडी. मग मीठ चोळून, पाणी बदलत पुन्हा पुन्हा धुणं. माझ्या मते या पदार्थाची निम्मी चव मोरीपाशीच ठरते. वजडीला नाकं मुरडणाऱ्यांनी बहुधा अर्धवट धुतलेली खाल्लेली असते.

हळद, मीठ, आलं घालून कुकरच्या बऱ्याच शिट्ट्या. कांदा तांबूस होईपर्यंत परतला, मग बाटली मसाला. उन्हाळ्यात कुटून बियरच्या गडद बाटल्यांत दाबून भरतात तो. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घराची ओळखच ती. मग चार टोमॅटो. टोमॅटो मूळचा अमेरिकेतला. तो इटलीलाही परका आणि उत्तनलाही. पण वजडीच्या चिवट, किंचित उग्र चवीला त्याच्या आंबटपणासारखा उतारा नाही, हे दोन्ही चुलींनी आपापलं शोधून काढलं. मावशींनी शेवटी चमचाभर व्हिनेगर टाकलं; ते मला जरा जास्त वाटलं, पण बोललो नाही.

तांदळाच्या भाकरीबरोबर जेवलो. रश्शाला अंगचाच चिकटपणा आला होता, चीजची गरजच नव्हती. रोमचा पदार्थ सौम्य. ही वजडी घाम काढते. मला विचाराल तर ही सरस.

करून बघायची असेल तर रविवारी सकाळी लवकर दुकान गाठा. एका बकऱ्याला वजडी एकच असते, आणि गिऱ्हाईकं बरीच.