परसातलं बिऱ्हाड

आमच्या पत्रपेटीत हल्ली दर आठवड्याला एक रंगीत पत्रक पडतं. बिल्डर वेगळा, कागद वेगळा, मजकूर मात्र तोच: मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट बांधा, भाडं घ्या, घर स्वतःचं कर्ज स्वतःच फेडेल. चित्रात पांढरंशुभ्र छोटं घर असतं, पुढे कापलेली हिरवळ असते. माणूस एकही नसतो. ते घर ज्याच्यासाठी बांधायचं, तो कुठेच नसतो, आणि तेच मला खटकतं.

पश्चिम सिडनीतल्या वेंटवर्थविल, टुंगाबी, सेव्हन हिल्स या भागांत कुणाच्याही घरी गणपतीला गेलं की आरतीनंतर हाच विषय निघतो. पहिला प्रश्न ठरलेला: भाडं किती येईल? त्यात वाईट काही नाही. सिडनीत घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाने हिशेब करायलाच हवा, आणि या शहराला भाड्याच्या घरांची निकड आहे हेही खरं. न्यू साउथ वेल्स सरकारने २००९ साली परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचं धोरण आणलं, तेव्हापासून अशी घरं बांधणं पुष्कळ सोपं झालं. जमीन किमान ४५० चौरस मीटर, प्लॉटची रुंदी १२ मीटर, घराचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. एवढं आणि बाकीचे ठरलेले नियम जुळले, तर कौन्सिलकडे रीतसर अर्ज करून महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. खासगी सर्टिफायर परवानगी देऊ शकतो. मागचं घर वेगळं करून विकता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवावं.

मला हा सगळा प्रकार पुण्याच्या वाड्यांसारखा वाटतो, आणि ही तुलना माझ्या डोक्यातून जात नाही. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या वाड्यांत मालक पुढे राहायचा आणि मागच्या चौकात चार बिऱ्हाडं असायची. वाड्यांबद्दल आपण फार हळवेपणाने बोलतो. एकत्र दिवाळी, एकमेकांकडे जाणारी वाटी, हे सगळं होतंच. पण तिथली भांडणं आठवून पाहा. ती पाण्याच्या नळावरून होती, एका मीटरवर जळणाऱ्या दिव्यावरून होती, तुंबलेल्या मोरीवरून होती, आणि कुणाच्या खिडकीतून कुणाचं स्वयंपाकघर दिसतं यावरून होती. पुढे भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला जखडली. डागडुजी परवडेना म्हणून मालकांनी ती सोडली, आणि वाडे उभ्या उभ्या ढासळले. कायद्याचा दोष मोठा होता. तरी एका जागेत दोन घरांनी राहायचं तर वाट, पाणी, वीज आणि सांडपाणी यांचा निवाडा आधी करावा लागतो, ही गोष्ट वाड्यांनी कायद्याच्या कितीतरी आधी दाखवून दिली होती. सिडनीच्या परसात नेमकं तेच करायचं आहे, आणि पत्रकात नेमकं त्याबद्दलच काही नसतं.

सांडपाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथे मुरतो. पश्चिम सिडनीतल्या जुन्या वस्त्यांत सिडनी वॉटरची ड्रेनेज लाइन पुष्कळदा प्लॉटच्या मागच्या कुंपणालगत जाते. ग्रॅनी फ्लॅटसाठी सोयीची जागाही तीच. लाइनच्या वर किंवा तिच्या जवळ बांधायचं तर सिडनी वॉटरची मंजुरी लागते. त्याआधी पाइप नेमका कुठे आणि किती खोल आहे, हे अधिकृत माणसाकडून मोजून घ्यावं लागतं. कधी पाइपाला काँक्रीटचं कवच द्यावं लागतं, कधी पाया पाइपाच्या पातळीखाली न्यावा लागतो, कधी लाइनच हलवावी लागते. यातलं काहीही निघालं तरी हजारो डॉलर वाढतात, आणि बिल्डरच्या ‘पासून पुढे’ लिहिलेल्या किमतीत ते बहुधा नसतात. म्हणून आधी ड्रेनेजचा नकाशा मागवा, मग बिल्डरला बोलवा. ‘बिफोर यू डिग ऑस्ट्रेलिया’ या मोफत सेवेकडून जमिनीखालच्या बाकीच्या वाहिन्यांची माहितीही मिळते.

पावसाचं पाणी हा त्याहून चिवट प्रश्न. तुमचा प्लॉट रस्त्याकडे उतरता असेल तर छपराचं पाणी पुढच्या गटारात सोडता येतं. तो मागच्या बाजूला उतरता असेल तर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं, आणि कायदा तसं सोडू देत नाही. मग शेजाऱ्याच्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क, म्हणजे ईझमेंट, विकत घ्यावा लागतो. शेजारी नाही म्हणाला तर बरीच कामं तिथेच थांबतात. घर बघायला जाताना पावसाळी दिवस निवडा, आणि मागच्या कुंपणापाशी उभं राहून पाणी कुठे वाहतंय ते बघा. गुंतवणुकीसाठी प्लॉट घेणाऱ्याला याहून स्वस्त आणि उपयोगी सल्ला माझ्याकडे नाही. कौन्सिलकडून कलम १०.७ चा दाखलाही घ्या. पूर आणि वणव्याची नोंद त्यात कळते.

मागे जुनं फायब्रोचं गॅरेज असेल तर त्याला स्वतः हात लावू नका. जुन्या फायब्रोच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. १० चौरस मीटरपेक्षा जास्त पत्रा काढायला परवानाधारक लागतो, आणि त्याचा खर्चही पत्रकात नसतो.

आता हिशेब. समजा, सगळं धरून घर १ लाख ८० हजार डॉलरला पडलं आणि आठवड्याला ५०० डॉलर भाडं आलं. वर्षाचे २६ हजार, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त. पत्रकात हाच आकडा ठळक छापतात. सहा टक्के दराने व्याज १० हजार ८०० धरा. एजंट, विमा आणि दुरुस्ती मिळून ३ हजार, आणि वर्षात दोन आठवडे घर रिकामं राहिलं तर हजार. हातात ११ हजार २०० उरले. बांधकामाच्या खर्चाच्या अडीच टक्के, म्हणजे ४ हजार ५०० घसारा दरवर्षी वजा करता येतो. राहिलेल्या रकमेवर तुमच्या उत्पन्नाच्या पायरीप्रमाणे कर. हातात राहतात नऊ हजारांच्या आसपास, आणि मुद्दल अजून फेडायचंच आहे. हा व्यवहार वाईट नाही. मात्र पत्रकातल्या चौदा टक्क्यांपेक्षा तो फार वेगळा आहे. शिवाय राहतं घर विकताना भांडवली नफ्यावर जी पूर्ण सूट मिळाली असती, ती भाड्याने दिलेल्या भागापुरती जाते. सही करण्याआधी अकाउंटंटला हे विचारा.

बिल्डरशी करार करताना इथला कायदा घरमालकाच्या बाजूने चांगला उभा राहतो, त्याचा उपयोग करा. काम २० हजार डॉलरच्या वरचं असेल तर बिल्डरने तुमच्या नावे गृहबांधणीचा विमा काढल्याशिवाय अनामतही घेता येत नाही, आणि अनामत दहा टक्क्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. करारातून माघार घ्यायला कामाचे पाच दिवस मिळतात. बिल्डर ‘आजच सही करा, ऑफर संपतेय’ म्हणाला तर त्याला या पाच दिवसांची आठवण करून द्या.

आणि आता तो माणूस, जो चित्रात नसतो. भाडेकरूच्या येण्याजाण्याची वाट तुमच्या बेडरूमच्या खिडकीखालून नेऊ नका. त्याचं मुख्य दार तुमच्या स्वयंपाकघरासमोर उघडू देऊ नका. दोघांनाही तिथे मोकळं वाटणार नाही. अंगणाचा एक तुकडा कुंपण घालून त्याचा म्हणून द्या. विजेचं मीटर वेगळं बसवा, कारण वेगळं मीटर नसेल तर विजेचं बिल भाडेकरूकडून घेता येत नाही. पाण्याच्या वापराचंही तसंच. वेगळं मीटर आणि पाणी वाचवणारे नळ नसतील तर तो खर्च तुमचाच. घर तुमच्या परसात असलं तरी हवं तेव्हा दार वाजवून आत डोकावता येत नाही. पाहणीसाठी सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, तीही वर्षातून चारदाच. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. १९ मे २०२५ पासून कारण न देता भाडेकरूला काढताही येत नाही. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. पोरांच्या शाळा मधेच सोडून दर वर्षी सामान बांधणारी कुटुंबं आपल्यातही पुष्कळ आहेत.

पण आईवडिलांसाठी म्हणून घर बांधणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. ते इथे नसतात तेव्हा भाड्याने द्यायचं आणि आले की रिकामं करायचं, हा बेत आता सहज जमत नाही. कुटुंबातलं कुणी राहायला येणार हे कारण कायद्याला मान्य आहे, पण त्याला ६० किंवा ९० दिवसांची सूचना आणि पुरावा लागतो. व्हिसाची तारीख आणि कराराची तारीख एकत्र बसवा. घर बांधतानाच दाराशी पायरी ठेवू नका, न्हाणीघराला उंबरठा ठेवू नका आणि भिंतीत आधाराच्या दांड्यांसाठी लाकूड बसवून घ्या. हे बांधताना फार महाग पडत नाही; नंतर भिंती फोडून करायचं तर पडतं.

शेवटची विनंती आपल्याच माणसांना आहे. पुण्याहून, नागपुरातून, कोल्हापुरातून शिकायला आलेली मुलं अजूनही मागच्या गॅरेजमध्ये भाड्याने राहतात. त्या गॅरेजला राहण्याची परवानगी नसते, कधी धुराचा अलार्मही नसतो. आग लागली किंवा कुणाला इजा झाली तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि त्या पोरांकडे मागायला कुणी नसतं. ऑक्युपेशन सर्टिफिकेट, म्हणजे राहण्याच्या परवानगीचा दाखला, हातात आल्याशिवाय मागच्या घरात कुणालाही ठेवू नका. भाड्याने घर शोधणाऱ्या मुलांनो, अनामत देण्याआधी ते सर्टिफिकेट बघायला मागा, आणि घरमालक मराठी आहे म्हणून संकोच करू नका.