काळोखातले कारागीर

'डार्क एल्फ' या संज्ञेला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की प्रत्येक शब्द आपल्याबरोबर एक वेगळेच विश्व घेऊन येतो. यक्ष म्हणावे तर कुबेराचा परिवार डोळ्यांपुढे उभा राहतो. असुर म्हणावे तर देवांशी असलेले सनातन वैर गृहीत धरले जाते. पिशाच म्हणावे तर सौंदर्य आणि कौशल्य हे दोन्ही गुण गळून पडतात. म्हणून येथे मी 'काळे एल्फ' असा संकरच स्वीकारला आहे. पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्य आणि मिथकसमीक्षा शिकवणाऱ्या माणसाने संगणकावरील युद्धखेळांकडे वळावे, याचे काही सहकाऱ्यांना नवल वाटते. मला मात्र या खेळांत आपल्या विषयाचाच एक जिवंत प्रश्न दिसतो : मिथकातील पात्र जेव्हा खेळाचा नियम बनते, तेव्हा त्याच्या अर्थाचे काय होते?

प्रथम मूळ संहितेकडे वळले पाहिजे. आइसलंडमधील स्नोरी स्टुर्लुसन याने सुमारे १२२० मध्ये रचलेल्या गद्य 'एड्डा'त एल्फांचे दोन वर्ग सांगितले आहेत. 'ल्योसाल्फार' म्हणजे उजळ एल्फ आल्फहाइममध्ये राहतात आणि दिसायला सूर्याहून सुंदर असतात. 'डोक्काल्फार' जमिनीखाली राहतात आणि डांबराहून काळे असतात. दोघे रूपाने वेगळे, आणि स्वभावाने तर त्याहून अधिक वेगळे, असे स्नोरी नोंदवतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याला तोवर दोन शतके उलटून गेली होती. पद्य 'एड्डा'च्या मुख्य हस्तलिखितात एल्फ देवांच्या जोडीने वारंवार येतात. पण त्यांची अशी उजळ-काळी विभागणी तेथे नाही. त्यामुळे देवदूत आणि पतित देवदूत या ख्रिस्ती द्वंद्वाची सावली स्नोरीच्या वर्गीकरणावर पडली असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. मला तो ग्राह्य वाटतो. ज्याला आपण 'आदिम' द्वंद्व समजतो, ते पुष्कळदा उत्तरकालीन संपादकाचे काम असते.

परंतु त्याच ग्रंथात 'स्वार्टाल्फार' अशी आणखी एक संज्ञा आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. स्वार्टाल्फहाइम या त्यांच्या प्रदेशात ठेंगू धातुकारागीर राहतात. फेनरिर लांडग्याला जखडणारी ग्लाइपनिर ही बेडी देव तेथूनच करवून आणतात. लोकीने कापलेल्या सिफच्या केसांच्या जागी सोन्याचे केस घडवणारे, ओडिनचा भाला आणि स्कीडब्लादनिर हे जहाज घडवणारे हातही याच गोतातले. याकोब ग्रिमने १८३५ च्या आपल्या 'डॉइच मिथोलोगी'त या संज्ञांचा परस्परसंबंध लावण्याचा बराच प्रयत्न केला. तो वाद अजूनही मिटलेला नाही. आपल्या दृष्टीने सार एवढेच की, ज्यांना काळे म्हटले आहे ते देवांचे कारागीर आहेत. देवांचे वैभव ज्यांच्या श्रमावर उभे आहे, त्यांची वस्ती उजेडाबाहेर आहे.

विसाव्या शतकात या प्रतिमेला तीन वळणे मिळाली. टॉल्किनच्या १९७७ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये 'काळे' हे विशेषण वर्णाचे वा दुष्टपणाचे नाही. दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश ज्यांनी पाहिला नाही ते काळे एल्फ. त्यांपैकी एओल हा ठेंगूंचा स्नेही आणि कुशल लोहार आहे, म्हणजे कारागिरीची स्मृती तेथे टिकून आहे. दुसरे वळण गॅरी गायगॅक्सचे. शेटलंड व ऑर्कनी बेटांच्या बोलीतील 'ट्रो' या भूगर्भवासी जीवाशी नाते सांगणारा 'ड्रो' हा शब्द त्याने उचलला आणि १९७८ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या साहसकथांतून कृष्णवर्णी, पांढऱ्या केसांचा, कोळीदेवतेचा उपासक आणि जात्याच दुष्ट असा समाज उभा केला. अंधार येथे कातडीवर उतरला. त्याचे परिणाम प्रकाशकांनाही अखेर नाकारता आले नाहीत : जून २०२० मध्ये त्यांनी निवेदन काढून, ड्रो आणि ऑर्क यांची चित्रणे वास्तवातील वांशिक समूहांच्या बदनामीची आठवण करून देतात, हे मान्य केले.

तिसरे वळण 'वॉरहॅमर'चे. तेथील काळे एल्फ गोरेच आहेत. त्यांचे काळेपण राजकीय आहे. पित्याच्या सिंहासनावर हक्क सांगणारा मालेकिथ असुर्यानच्या पवित्र अग्नीत होरपळतो, यादवी हरतो आणि अनुयायांसह उत्तरेच्या थंड प्रदेशात जातो. ('असुर्यान' या नावावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह मराठी वाचकाने आवरावा.) पुढे २०१४-१५ च्या 'द एंड टाइम्स' या कथामालेत तोच खरा वारस होता असे निष्पन्न होते. मिथकाने आपल्याच खलनायकाला न्याय द्यावा, ही घटना दुर्मीळ आहे.

आता नियमाकडे येऊ. १९९४ च्या 'मास्टर ऑफ मॅजिक'मध्ये काळ्या एल्फांची साधी प्रजाही जादूची शक्ती निर्माण करते. निर्मितीचा धागा तेथे तुटलेला नाही. २०१७ च्या 'टोटल वॉर : वॉरहॅमर २'मध्ये मात्र त्यांच्या अर्थव्यवस्थेचा पायाच गुलाम हा आहे. लढाईनंतर धरलेले लोक प्रांतांत वाटले जातात. त्यांच्यामुळे उत्पन्न वाढते, सुव्यवस्था ढासळते, आणि त्यांची संख्या दर फेरीला आपोआप घटत जाते. ते मरतात असे पडद्यावर कोठे दिसत नाही. आकडा फक्त कमी होतो. हा खेळ मला शिकवणारा माझा भाचा सहज म्हणाला, "मामा, गुलाम कमी पडले की पुन्हा एक लढाई करायची." त्याच्या बोलण्यात क्रौर्य नव्हते, हिशेब होता. आणि पुढच्या फेरीत मीही तोच हिशेब केला.

महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' (१८७३) वर्गात शिकवणाऱ्याला हा क्षण सोपा नाही. पाताळात ढकललेल्या बळीला न्यायी राजा म्हणून वाचण्याची दृष्टी आपल्याला त्या ग्रंथाने दिली, आणि तो ग्रंथ अर्पण केला आहे तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. साहजिकच भूगर्भातील काळ्या एल्फांनाही बळीच्या पंक्तीला बसवण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. बळीचे राज्य परत यावे असे म्हणणारे शेतकरी आहेत. त्याच्या मिथकाला जनस्मृतीचा आधार आहे. स्नोरीच्या काळ्या एल्फांच्या मागे अशी वाट पाहणारी माणसे आपल्याला दाखवता येत नाहीत. फुल्यांची पद्धत येथे उपयोगी पडते ती पराभूत जमात शोधण्यासाठी नव्हे, तर एक साधा प्रश्न विचारण्यासाठी : या कथेत श्रम कोण करतो?

तो प्रश्न विचारला की या प्रदीर्घ प्रवासातील खरी उलथापालथ दिसू लागते. मध्ययुगीन संहितेत काळे एल्फ स्वतः घडवत होते. आजच्या खेळात ते दुसऱ्यांकडून राबवून घेतात. कारागिराचा मालक झाला. मालेकिथला सिंहासन मिळाले, पण त्याच्या राज्यातील निनावी आकड्यांना कोणत्याही कथामालेने वारसा दिला नाही. मिथकाचे मूळ शोधणारा विद्यार्थी बहुधा नावांच्या साम्यापाशी थांबतो. त्याने नियमपुस्तिकाही संहिता म्हणून वाचावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. कथेत वाचक खलनायकाकडे दुरून पाहतो. खेळात तो त्याच्या जागी बसून निर्णय घेतो. अन्यायाची व्यवस्था आतून किती सुरळीत आणि किती तर्कशुद्ध भासते, याचा असा अनुभव देणारी दुसरी संहिता निदान माझ्या अभ्यासक्रमात नाही. समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.