गोळ्यांचा घोळ

भिंगार या छावणीच्या गावात वाढलेल्या कुणालाही फौज नवी नसते. गल्लीत कुणी ना कुणी वर्दीतून निवृत्त झालेलं असतं, पाहुणे आले की त्यांना रणगाडा संग्रहालय दाखवायचं हे ठरलेलं असतं, आणि खारे कर्जुन्याकडच्या केके रेंजवर आज काय चाललंय याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. तरीही कॉलेजात एनसीसीत नाव घातलं तेव्हा बंदुकीतून नेमकं काय बाहेर पडतं, ते मला धड सांगता आलं नसतं. अख्खं काडतूसच उडत जाऊन समोरच्याला लागतं, अशी माझी कल्पना होती. मैत्रिणींचीही तीच होती, एवढाच दिलासा.

पहिल्याच तासाला उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, टेबलावर एक छोटंसं काडतूस ठेवलं. पॉइंट टू-टू. करंगळीच्या दोन पेरांएवढंही नाही. पितळेची पुंगळी, आत दारू, टोकाला शिशाची गोळी. घोड्याचा आघात पुंगळीच्या मागच्या कडेवर होतो, कडेतलं स्फोटक पेटतं, ते दारूला पेटवतं आणि त्या वायूच्या दाबाने फक्त पुढचं शिसं सुटतं. पुंगळी मागेच राहते. या जातीचं काडतूस १८८७ सालापासून चालत आलंय, हे ऐकून मी थोडी खट्टूच झाले. सैन्याच्या गावात राहायचं आणि शिकायचं कशावर, तर पणजोबांच्या जन्माआधीच्या गोळीवर!

पंचवीस मीटरवर टार्गेट, पोटावर झोपून पोझिशन, हातात पाच राउंड. दर राउंडला बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. एवढ्या खटाटोपात मघाशी घेतलेली शिस्त मोडते, म्हणजे नेम हलतो, आणि सगळं पहिल्यापासून. श्वास, कोपर, गाल, बोट. पाचही राउंड झाले की टार्गेटवरच्या भोकांचा आकार मोजतात. मधोमध लागली की नाही ते नंतर, आधी पाचही एकमेकांजवळ आली का ते बघायचं. याला ग्रुपिंग म्हणतात. मग सगळ्यांनी मिळून रिकामे खोखे, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या, वेचायचे आणि मोजून परत करायचे. एक कमी भरला तर गवत विंचरून काढायचं.

इथपर्यंत सगळं कळत होतं. गोंधळ सुरू झाला तो कॅम्पमध्ये इन्सास हातात आली तेव्हा.

इन्सास ही पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेत घडलेली रायफल. काडतूस ५.५६ बाय ४५ मिलिमीटर. उस्तादांनी ते आणि आपलं पॉइंट टू-टू शेजारीशेजारी उभं केलं. एक बुटकं, दुसरं अणकुचीदार, उंच. मग म्हणाले, "दोन्हीच्या गोळीची जाडी बघा." बघितली. दोन्ही जवळजवळ सारख्याच जाड, साधारण ५.७ मिलिमीटर. म्हणजे आकड्यात ५.५६ लिहिलंय, गोळी ५.७ची आहे, आणि पॉइंट टू-टूसुद्धा तेवढंच! (५.५६ हे नळीच्या आतलं माप. गोळी त्याहून किंचित जाड असते, म्हणजे ती नळीतल्या आट्यांना घट्ट धरून फिरत जाते. हे मला बरंच उशिरा समजलं.)

मग फरक कशात? पुंगळीत. पॉइंट टू-टूचं २.६ ग्रॅमचं शिसं सेकंदाला साधारण ३३० मीटर जातं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास. ५.५६ची चार ग्रॅमची गोळी निघते ९००च्या वेगाने. वजन जेमतेम दीडपट, पण वेगाचा वर्ग होतो ना! बी.एस्सी.चं पहिलं वर्ष कामी आलं: वहीत गणित मांडलं तर एकीची ऊर्जा १४० ज्यूल आणि दुसरीची १६००च्या वर. जाडी तीच, मार अकरापट. त्या दिवसापासून काडतुसावरचा पहिला आकडा बघून काही ठरवायचं मी सोडून दिलं.

झोपले, बट खांद्यात घट्ट घेतला. मला वाटलं होतं खांदा निखळणार. धक्का बसला, पण सोसण्याजोगा. आवाज मात्र वेगळ्याच जातीचा. पॉइंट टू-टू 'फट' करते. ही कडाडते, कारण गोळी आवाजाच्या कितीतरी पुढे हवा फाडत जाते. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे मला काहीच करावं लागलं नाही. गोळी नळीतून जात असताना मागचा थोडा वायू एका भोकातून वर घेतलेला असतो. तो दट्ट्याला मागे ढकलतो, बोल्ट आपोआप उघडतो, गरम खोखा उजवीकडे फेकला जातो, मॅगझिनमधला पुढचा राउंड चेंबरमध्ये चढतो. आपण फक्त ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. पण हात मोकळा राहतो म्हणून नेम सुधारतो म्हणावं, तर तसंही नाही. बोल्ट ओढताना जी सक्तीची विश्रांती मिळायची ती गेली, आणि माझं बोट मेंदूच्या आधी धावायला लागलं. शंभर मीटरवरचं माझं टार्गेट बघून उस्ताद म्हणाले, "बेटा, रायफल जल्दी में है या तू?"

घरी येऊन मी आबांना, म्हणजे आजोबांना, फुशारकीने सांगितलं की मी नव्या गोळीवर फायर केलं.

"नवी कुठली?"

"पाच पॉइंट छप्पन्न."

"हात् तिच्या! ती काय गोळी हाय व्हय? उंदीर मारायची," आबा म्हणाले.

आबा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पायदळात भरती झाले. रिक्रूट असताना थ्री-नॉट-थ्री रायफल, मग आयुष्यभर एसएलआर. त्यांची पलटण पुढे १९७९मध्ये उभ्या राहिलेल्या मेकनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटमध्ये आली आणि तिचं केंद्र इथे जवळच असल्याने ते निवृत्तीनंतर भिंगारला स्थायिक झाले. एसएलआरही सेमी-ऑटोमॅटिकच, पण काडतूस ७.६२ बाय ५१. नऊ ग्रॅमच्या वरची गोळी, वेग ८००च्या पुढे, ऊर्जा ५.५६च्या दुप्पट. "लागली की माणूस बसलाच," हे आबांचं एका वाक्यातलं शस्त्रशास्त्र.

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, अलीकडेच हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर इन्सास त्यांच्या खांद्यावर. ते म्हणाले, "आबा, तुमचं एक काडतूस चोवीस ग्रॅमचं, आमचं बाराचं. तुम्ही शंभर राउंड नेणार तिथं आम्ही दोनशे नेणार. डोंगर चढताना विचारा मग कुठली गोळी भारी." आबांनी लगेच कारगिल काढलं: थंडीत इन्सासची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी तेव्हा गाजल्या होत्या. काका म्हणाले, मॅगझिनचा दोष गोळीच्या माथी कशाला मारता? मी मधे बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

मग काकांनी नवाच बॉम्ब टाकला. सैन्याने २०१९मध्ये ७२,४०० सिग रायफली मागवल्या, त्या पुन्हा ७.६२च्या. आणि अमेठीजवळ कोरव्यात ज्या एके-२०३ बनतायत, त्याही ७.६२च्याच.

"बघ! शेवटी आमच्याच गोळीवर आले," आबा खूश.

"नाही आबा. सिगची तुमची आहे, ५१ वाली. एकेची ३९ वाली. ती तुमच्या एसएलआरमध्ये चालणारच नाही."

एका गल्लीत तीन शिंदे राहावेत आणि पोस्टमनने नुसतं 'शिंदे' म्हणून हाक मारावी, तसं हे ७.६२ आहे. ३९ची पुंगळी आखूड, दारू कमी, आठ ग्रॅमची गोळी सातशेच्या आसपास वेगाने जाते. जवळच्या अंतरावर जोरकस, लांबवर लवकर दमते. ५१ लांबवर टिकते, पण जड आणि खांद्याला कडक. शिवाय एक रशियन ५४ आहेच, ती मशीनगनमध्ये वापरतात. तीन काडतुसं, तीन कामं, पहिला आकडा एक.

रात्री वहीत कोष्टक मांडलं: वजन, वेग, ऊर्जा. कोष्टकात पाहिजे तो रकाना वर धरला की पाहिजे ती गोळी पहिली येते. ओझं बघितलं तर काका जिंकतात, मार बघितला तर आबा. 'नवी' असा रकाना कुठेच उपयोगी पडेना. १८९०च्या सुमारासची थ्री-नॉट-थ्री, तिच्यानंतरची ७.६२, मग हलकी ५.५६, आणि आता काही ठिकाणी परत ७.६२. ही पायऱ्या चढत जाण्याची गोष्ट नव्हतीच. दर पिढीने काहीतरी देऊन काहीतरी घेतलेलं होतं.

डोक्यात एवढं कोंबलेलं असताना टेक्सासमधल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. दादा तिकडचाच नागरिक झालाय आणि शनिवार-रविवार रेंजवर जातो. त्याने कौतुकाने नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल दाखवली. ही फौजेची नव्हे, कागदी टार्गेटवर नेम धरायची, काडतूस ६.५ ग्रेंडल. मी कपाळाला हात लावला. आणखी एक?

एक कसलं, रांगच निघाली. तिकडे एआर-१५ घडणीच्या रायफली खेळासाठी आणि शिकारीसाठी सर्रास वापरतात. त्या मुळात .२२३ रेमिंग्टन या काडतुसाभोवती बेतलेल्या, ५.५६चं हे नागरी भावंड. मॅगझिनची लांबी ठरलेली, म्हणून कारखान्यांचा सगळा खटाटोप त्याच खोक्यात जास्त चांगलं काय बसवता येईल याचा. २००३च्या सुमारास ग्रेंडल आलं: पुंगळी आखूड पण रुंद, गोळी लांब आणि ५.५६च्या दुप्पट वजनाची, त्यामुळे वाऱ्याने कमी हलते आणि लांबवर वेग राखते. २०११मध्ये .३०० ब्लॅकआउट, २०२०मध्ये ६ मिलिमीटर एआरसी.

दादाचा अनुभव ऐकताना मला कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त शिकायला मिळालं. तीनशे मीटरवर वारा सुटला की .२२३वाले शेजारी चुळबुळ करतात आणि तो निवांत असतो, हे खरं. पण ग्रेंडलची पुंगळी रुंद म्हणून बोल्ट वेगळा लागला, मॅगझिन वेगळं लागलं. ब्लॅकआउटला तेवढंही लागत नाही. नळी बदलली की काम झालं, बोल्ट तोच, मॅगझिनही तेच. ऐकायला सोयीचं, आणि नेमका तिथेच धोका. तेच मॅगझिन चुकून ५.५६च्या रायफलीला लावलं तर काही वेळा ब्लॅकआउटचं काडतूस चेंबरमध्ये बसतंही. पुढे जाडजूड गोळी आणि अरुंद नळी. ट्रिगर दाबला की रायफल हातात फुटते. म्हणून तिकडचे शहाणे लोक दोन्हींची मॅगझिनं वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावून ठेवतात. हे ऐकल्यावर आमचे उस्ताद एकेक खोखा का मोजून घेतात, याबद्दलची माझी कुरकुर कायमची थांबली.

"मला इथे अशी घेता येईल का?" मी काकांना विचारलं. ते हसले. आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाला सहजासहजी परवान्यावर मिळत नाही. खेळात सेमी-ऑटोमॅटिक बघायचं तर २५ मीटर पिस्तूल बघ, म्हणाले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते त्याच प्रकारात. काडतूस? पॉइंट टू-टू.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ४५१.४ गुणांनी, तेही पॉइंट टू-टूवरच. रायफलीत दरवेळी एकच काडतूस हाताने भरायचं, असा त्या प्रकाराचा नियमच आहे. अंजली भागवत नेमबाजीत आल्या त्याही एनसीसीच्या वाटेने. मी ज्या १८८७च्या गोळीला नाक मुरडलं होतं, तिच्यावर आजही ऑलिम्पिक चालतं. ती जगातली सर्वांत ताकदवान गोळी नाहीच. पण पन्नास मीटरवर कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जायला हवी, आणि ती हजारोंनी झाडता यायला हवी.

हजारोंनी, हाच शब्द आबांनी पकडला. दादाचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातून घेतला.

"बाळा, तुझी ती नवी गोळी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते का?"

"नेहमी नाही मिळत, आबा. मागवावी लागते. महागही पडते."

"मग सराव कशावर करतोस?"

दादा जरा थांबला. "सराव... .२२३वर. जुन्या रायफलीने. नवी मॅचला काढतो."

"म्हणजे तुझी खरी रायफल जुनीच," आबा म्हणाले आणि मोबाईल मला परत दिला. पुण्याजवळच्या खडकीत १८६९पासून काडतुसं बनतायत, भुसावळजवळच्या वरणगावचा कारखाना रात्रंदिवस चालायचा, म्हणून आमच्या हाताला कायम गोळी होती, हे नंतर त्यांनी मला सविस्तर ऐकवलं. ज्या काडतुसामागे कारखाना उभा नाही, त्याचा वेग आणि मार फक्त कागदावर, असं त्यांचं म्हणणं. काकांनी पहिल्यांदाच मान डोलावली. दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

आता बटालियनची निवड चाचणी तोंडावर आलीय. मैत्रिणी विचारतात, इन्सासवर असेल की टू-टूवर? मी उस्तादांना वेगळंच विचारून आले: चाचणीच्या आधी सरावाला माणशी किती राउंड मिळणार? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "घर में कोई फौजी है क्या?"