देगलूर नाक्याचं देणं

झाडं तोडणाऱ्याला कुणी ऋणानुबंधावर लिही म्हणत नाही, झाडं लावणाऱ्यांना म्हणतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत, आणि तिथं माझ्यासारख्याचं पोट लाकूडकामावर चालतं, हीच एक गंमत. पण आमचं काम जंगलात नसतंच. रस्त्याकडेच्या चिंचा, विजेच्या तारांत शिरलेले लिंब, बांधावरच्या बाभळी आणि वळवाच्या वादळात कुणाच्या पत्र्यावर आडवी झालेली निलगिरी, एवढ्यावर घर चालतं. नांदेड ते लातूर, मधे लोहा, अहमदपूर, चाकूर, हा आमचा मुलूख. या मुलखात इतकी वर्षं चेनसॉ धरूनही माझी दहाही बोटं शाबूत आहेत ती नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या एका मिस्त्रींमुळे. नाव छापायचं नाही ही त्यांची अट. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणतो.

उस्ताद मूळचे स्कूटरवाले. लुना, चेतक, राजदूत, आरएक्स १०० या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्यांवर त्यांचा हात बसलेला. पुढं रस्त्यावरून टू-स्ट्रोक गाड्या गेल्या, फोर-स्ट्रोक आल्या आणि त्यांच्या पिढीतल्या कितीतरी मिस्त्रींचं कसब एका फटक्यात जुनं झालं. उस्तादांनी मात्र बघितलं की तेच इंजिन, फक्त आकारानं लहान, फवारणीच्या पंपात आहे आणि झाड कापायच्या मशीनमध्येही आहे. त्यांनी स्कूटरचे पाने ठेवून दिले आणि बारीक पाने घेतले.

२००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद होत होते, तेव्हा मी या धंद्यात आलो. थोरल्या भावाकडून मिळालेली मशीन होती, केशरी रंगाची, बिनानावाची, अंगावर ‘५८ सीसी’ असं ठळक स्टिकर. ती बंद पडली म्हणून कुणीतरी देगलूर नाक्याचा पत्ता दिला. माझी समजूत अशी की मिस्त्री आता मशीन खोलून भाग पसरून बसणार. उस्तादांनी फक्त सायलेन्सरचे दोन नट काढले. आतलं भोक उघडं झालं. मोबाइलची बॅटरी त्यावर धरली, डाव्या हातानं दोरी अगदी हळू ओढली आणि पिस्टन खालीवर होताना बघत राहिले. मग मला म्हणाले, “इधर आ, देख.” चांगल्या पिस्टनचा अंगभर एकसारखा उजळ रंग असतो, त्यावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा दिसतात. आमच्या पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूनं जाड उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. “बिन तेल का पेट्रोल पिलाया किसीने,” उस्ताद म्हणाले. दोन नट आणि एक उजेड, एवढ्यावर निदान झालं. तेव्हापासून मीही जुनी मशीन घेताना आधी सायलेन्सर काढून आत बघतो. विकणाऱ्याचा चेहरा बघण्यापेक्षा ते बरं.

तेलाचं गणित त्यांनी मला तिथंच पक्कं करून दिलं. कंपनीचं चांगलं टू-स्ट्रोक तेल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. साधं तेल असेल तर पंचवीसास एक, म्हणजे ४० मिली. मिसळ वेगळ्या कॅनमध्ये करायची, मशीनच्या टाकीत नाही, आणि भरण्याआधी कॅन हलवायचा. हे सगळं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण आमच्या कामगारांपैकी पुस्तिका वाचतो कोण?

नवी मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा मी सीसी आणि किमतीचा तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “ये खुलती कैसी, ये पूछा क्या दुकानवाले को?” पुढचा अर्धा दिवस त्यांनी दुरुस्तीला आलेल्या मशीन माझ्यासमोर उघडून दाखवल्या, आणि माझ्या मते या धंद्यातलं खरं शिक्षण तेवढंच.

स्टिल कंपनीच्या छोट्या मशीन, १८० किंवा २५०, वजनाला हलक्या, घराच्या बागेला उत्तम. पण त्यांत इंजिन प्लॅस्टिकच्या घरात बसवलेलं असतं. पिस्टन बदलायचा म्हटलं की आख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. त्याच कंपनीच्या ३६१ चा सांगाडा मॅग्नेशियमचा. झाकण, फिल्टर, कार्बोरेटर, सायलेन्सर सुटलं की चार बोल्टांवर सिलिंडर हातात येतो. स्प्रॉकेट एका छोट्या क्लिपवर बसलेला, ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उडते. ५९ सीसी, अंगचं वजन साडेपाच किलोच्या आसपास, त्यामुळे दिवसभर हातात धरता येते. हुस्कवर्नाची ३६५ सीसीला तिच्याहून मोठी. त्या कंपनीची एक युक्ती मला फार आवडते. आत येणारी हवा पंख्याच्या फिरण्यानंच आधी झटकली जाते, जड भुसा बाहेर फेकला जातो आणि फिल्टर उशिरा भरतो. आपल्याकडच्या वाळलेल्या लाकडाच्या पिठासारख्या भुशात याची किंमत कळते. तिचा ब्रेक मात्र बाजूच्या झाकणात असतो. ब्रेक लागलेला असताना झाकण काढलं तर ते परत बसत नाही, आणि नवा पोरगा तासभर त्याच्याशी झटापट करत बसतो. स्टिलमध्ये ब्रेक मशीनच्या अंगात असतो, तिथं हा प्रश्न येत नाही.

हुस्कवर्ना हे स्वीडनमधलं गाव. तिथला कारखाना १६८९ पासूनचा, आधी बंदुका, मग शिवणयंत्रं, मोटरसायकली, आणि चेनसॉ १९५९ पासून. स्टिलची सुरुवात जर्मनीतल्या स्टुटगार्टची, १९२६ ची. आणि दोन्हींवर फिरणाऱ्या चेनचा आजचा दात अमेरिकेतल्या ओरेगनच्या जो कॉक्सनं काढलेला. १९४६ साली त्यानं लाकूड पोखरणारी अळी बघितली. ती जबड्यानं उजवीकडे-डावीकडे आलटून पालटून लाकूड खात होती. चेनचे दात एक उजवा, एक डावा असे असतात ते त्या अळीमुळे. उस्तादांना ही गोष्ट मी सांगितली तर म्हणाले, “कीडे को किसने सिखाया?”

निवड मी शेवटी ३६१ ची केली, पण ती जोर बघून नाही. तिचा जो भाग आपल्याकडे मिळत नाही, तो उस्ताद सिकंदराबादच्या राणीगंजातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मागवून सकाळी बसवून देऊ शकत होते. त्यांच्याकडे एक जुनी, मोठी मशीन विकायला पडून होती. मी ती घेतली असती तर त्यांचेच पैसे सुटले असते. त्यांनी विषयसुद्धा काढला नाही.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल ते एकदाच बोलले. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं, आदल्या रात्रीच गणपती बोळवलेले. नांदेडहून गेलेल्या पोरांत तेही होते. आपल्याकडची माळवदाची घरं म्हणजे रुंद दगडमातीच्या भिंती, वर जाड तुळया आणि तुळयांवर हातभर मातीचा थर. हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुळया कापायला यांच्या हातात हातकरवती होत्या. त्यात पाऊस. चिखलानं माखलेल्या लाकडात करवत पुढं सरकत नव्हती. “एक मशीन होती तो...” एवढंच म्हणून त्यांनी चहा मागवला.

दुरुस्त झालेली मशीन ते पावसाळ्यात मुद्दाम रात्रभर पडवीत, पावसाच्या शिंतोड्यांत ठेवतात आणि सकाळी चालू करून बघतात. चार-पाच ओढींत लागली नाही तर गिऱ्हाइकाला देत नाहीत, मग तो कितीही घाईत असो. हा नियम कुठून आला ते मी कधी विचारलं नाही.

ब्रेकच्या बाबतीत तर ते हट्टीच आहेत. चेन ज्यावर फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येते, आणि पुढचा पंजा मनगटाला लागून चेन तिथल्या तिथं थांबते. कामगारांना हा पंजा अडचणीचा वाटतो, बरेच जण काढूनच टाकतात. तसली मशीन आली की उस्ताद आधी पंजा बसवतात, मग बिघाड बघतात. गिऱ्हाइक नको म्हणालं तर मशीन तशीच परत. किनवट, मांडवीच्या बाजूनं मधूनच कुणीतरी येतं आणि आवाज कमी करून द्या म्हणतं. सागाच्या रानात आवाज कुणाला नको असतो हे न कळायला उस्ताद काही दुधखुळे नाहीत. त्यांनाही चहा पाजून परत पाठवतात.

एका जूनमध्ये तारांवरच्या फांद्यांचं काम ऐन भरात असताना माझी मशीन त्यांच्या टेबलावर उघडी पडली होती. त्यांनी स्वतःची मशीन माझ्या हातात दिली आणि सोबत गोल कानस दिली. भाड्याचं विचारलं तर कानसेकडे बोट दाखवून म्हणाले, “इसको चलाना सीख, वोइच भाडा.” मग शिकवलं. कानस पुढंच ढकलायची, परतताना उचलायची, प्रत्येक दाताला सारखेच झटके, कोन तीस अंशांचा. मशीनखाली छिलके पडले तर चेन धारदार, पीठ पडलं तर काम थांबवून कानस काढायची. पुढं हमरस्त्याच्या रुंदीकरणात लोहा-अहमदपूरच्या पट्ट्यात जुन्या चिंचा पडल्या. त्यांच्या खोडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे बुजून गेलेले. एका खिळ्यानं अख्खी चेन बोथट होते. त्या मोसमात ती कानस नसती तर अर्धी मजुरी नव्या चेनींतच गेली असती. आजही ती माझ्याकडेच आहे, झिजलेली. परत करायला गेलो तर उस्ताद म्हणाले, बाजारात वीस मिळतात, ठेव.

देणं फेडायची संधी ते देत नाहीत. दर हिवाळ्यात बहिणीच्या घरच्या भट्टीसाठी वाळलेली बाभूळ मागतात, आणि ती काट्यावर तोलून बाजारभावानं पैसे देतात. नको म्हटलं तर दुसऱ्याकडून घेईन म्हणतात.

आता त्यांची नजर कमी झाली आहे, बारीक काम मुखेडकडचा एक पोरगा करतो. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल ओल धरतं, कार्बोरेटरच्या रबरी पडद्यांना ते सोसत नाही, त्यामुळे काम वाढलंय. (ऊस आमच्याच लातूरचा, तक्रार कुणाकडे करायची?) नव्या भारी मशीनमध्ये कार्बोरेटर संगणकावर चालतो, त्याचं निदान लॅपटॉप लावून करावं लागतं. अशा मशीन कापायला झकास आहेत, पण कामगारांच्या पोटापाण्यासाठी मी त्या घेणार नाही. जिचं मिश्रण स्क्रू-ड्रायव्हरनं लागतं तीच मशीन मुखेडात, उदगिरात, औशात दुरुस्त होते.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. सिलिंडर किती बोल्टांवर निघतो, ब्रेक कुठं आहे, आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो. काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवा. आणि देगलूर नाक्याला जायचं झालं तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडतं.